अठरा मिनिटांचा धाकटा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय मी निवडला तो जन्मसिद्ध अधिकाराने. मी स्वतः जुळ्यांपैकी एक आहे. माझा भाऊ गावी राहिला, मी नोकरीपायी इकडे आलो. सुट्टीत गेलो की त्याच्याशी अर्धवट राहिलेले बोलणे लोक माझ्याशी पुढे चालू करतात. माझी दोन वाक्ये ऐकली की मात्र थबकतात, कारण माझ्या मराठीला आता हिंदीचा वास येतो!

दोन स्वतंत्र अंडपेशी एकाच वेळी फळल्या तर होणारी जुळी द्वियुग्मजी. ही केवळ एका वेळी जन्मलेली भावंडे. एक मुलगा, एक मुलगी असेही घडते. आईचे वय आणि वंश यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांत ते फार मोठे आहे. एकच फलित अंडपेशी दुभंगली तर एकयुग्मजी जुळी होतात. हे दर हजार प्रसूतींमागे सुमारे चार वेळा, जगभर जवळजवळ सारखेच घडते. का घडते, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. दुभंगणे पहिल्या तीनेक दिवसांत झाले तर दोघांची वार निराळी, नंतर झाले तर बहुधा सामाईक. सामाईक वारेतून रक्त विषम वाटले गेले की एक बाळ गुटगुटीत, दुसरे रोड. म्हणजे भेद उदरातच सुरू होतो. बोटांचे ठसेही तेथेच घडतात आणि ते दोघांचे कधीच एक नसतात.

अमेरिकेतील ओहायो राज्यात 1939 साली जन्मलेले दोन भाऊ तान्हेपणीच दोन घरी दत्तक गेले. ते 1979 साली भेटले, तेव्हा दोघांचेही नाव जिम, दोघांच्याही पहिल्या बायकोचे नाव लिंडा! मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक बूशार्ड यांनी त्यांच्यापासून आपले संशोधन आरंभिले. बायकोचे नाव काही जनुकांत लिहिलेले नसते, तो योगायोगच. स्वभाव व बुद्धी यांतील साम्य मात्र तशा अनेक जोड्यांत आढळले.

परंतु समाज जे लिहितो त्याचे काय? योरुबांत आधी जन्मणारा तो ताइवो, मागून येणारा केहिंदे. आणि थोरला मानतात तो केहिंदेला. जग कसे आहे हे पाहण्यास त्याने धाकट्याला पुढे धाडले, अशी त्यांची समजूत. मला ती फार आवडते. आमच्या घरी हिशेब उलटा होता. माझा भाऊ अठरा मिनिटे आधी आला, म्हणून तो थोरला; म्हणून वडिलांमागे शेती, म्हातारी आई आणि कुळाचार त्याच्याकडे. मी धाकटा, म्हणून मोकळा. शाळेत गणित त्याचे अधिक चांगले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे.

गेल्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. या विकारात एकयुग्मजी जुळ्यांचे साम्य पुष्कळ असते, म्हणून त्याने मला तत्काळ तपासणीस पिटाळले. अजून तरी मी सुटलो आहे. दर रविवारी फोनवर तो आधी माझ्या साखरेचा आकडा विचारतो, मग स्वतःचा सांगतो.