डोंगर ओळखणारं क्षेपणास्त्र

मे २०२५ मध्ये टीव्हीवर सारख्या क्षेपणास्त्रांच्या बातम्या चालू होत्या. तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला, "त्यात माणूस बसलेला नसतो, मग त्याला वाट कोण दाखवतं?"

एक उत्तर म्हणजे उपग्रह. पण लढाईत उपग्रहाचे संकेत शत्रू बिघडवू शकतो. म्हणून आणखी एक युक्ती आहे, खालची जमीन ओळखायची.

वीज गेली तरी आपण अंधारात शेतावरून घरी येतोच ना? आधी चढ, मग ओढ्याचा उतार, मग बांध. पायांना वाट पाठ असते. जमिनीलगत उडणारं क्षेपणास्त्र असंच करतं. ते खाली रेडिओ लहरी सोडतं. लहर परत यायला किती वेळ लागला, यावरून जमीन किती खाली आहे हे कळतं. हवेच्या दाबावरून स्वतःची उंची कळते. दोन्हींची वजाबाकी केली की जमिनीची उंची मिळते. असे चढउतार ते सोबतच्या नकाशाशी जुळवून पाहतं आणि वाट चुकली असेल तर सुधारतं.

आपल्या माहुलीच्या सुळक्यांसारखी जागा लगेच ओळखू येईल, पण खाडीवर ही युक्ती चालणार नाही. पाणी सगळीकडे सारखंच सपाट. १९९१ च्या आखाती युद्धात इराकचं वाळवंट असंच सपाट होतं. म्हणून अमेरिकेची काही टॉमहॉक क्षेपणास्त्रं इराणच्या डोंगरांवरून वळसा घालून सोडली गेली.

पण डोंगर ओळखणाऱ्या या यंत्राला घरात कोण झोपलंय हे कळत नाही. कुठे मारा करायचा, ते माणसंच ठरवतात.

उंचीचे नकाशे मात्र फक्त लढाईचे नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. त्या कामात अमेरिकेचं संरक्षण खातंही होतं. आज तीच माहिती सर्वांना खुली आहे, पाणलोटाच्या आणि पुराच्या अभ्यासाला वापरली जाते.

भिवंडी तालुक्यात गोदामांसाठी सखल जमिनीवर भराव पडतो. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत आपण एवढंच विचारू या, "भराव टाकण्याआधी उंचीचा नकाशा पाहिला का? इथलं पाणी आता कुणाच्या दारात जाणार?"