वाळवण, टँकर आणि उद्याचं हळदीकुंकू

दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकली असेल, तर तशीच पडून ऐका. उठू नका. बाहेर म्हसवडच्या पेठेत या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि माणगंगेच्या वाळवंटाकडं बघवत नाही इतका उन्हाचा झळाळ आहे.

आधी बातम्या उरकते.

उद्या बुधवारी अक्षय तृतीया. बसवेश्वर जयंतीही उद्याच, त्यामुळं संध्याकाळी मिरवणुकीची गर्दी असणार. ज्यांना दळण, किराणा आणायचा आहे त्यांनी सकाळीच आणून घ्या. परवा एक मे, महाराष्ट्र दिन. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून ऐकणाऱ्या बायांनो, तुमच्याकडं ग्रामसभा असते. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती कायद्यानंच सांगितलेली आहे. ती झाली का, हे विचारायला लाजू नका. पुष्कळ ठिकाणी सभा होत नाही, रजिस्टरवर अंगठे मात्र होतात. पुढच्या आठवड्यानंतर, १२ मे रोजी बुद्धपौर्णिमा. दहावी-बारावीचे निकाल आता कधीही लागतील. पोरांना टोचून बोलू नका. मार्क कमी पडले म्हणून घर सोडून गेलेलं पोर शोधण्यापेक्षा कमी मार्कांचं पोर घरात असलेलं बरं.

पाण्याचं सांगते. उरमोडीचं पाणी आपल्या तालुक्याकडं यायला लागलं, त्याला आता काही वर्षं झाली. तिथल्या शेताकडं बघून डोळे निवतात. पण पाणी सगळीकडं पोचलेलं नाही, आणि टँकरची वाट बघणाऱ्या वस्त्या अजून आहेत. टँकरचं पाणी पिण्याला वापरायचं तर उकळूनच. एखाद्याला जुलाब-उलट्या लागल्या तर दवाखान्यात नेईपर्यंत घरचं पाणी सुरू करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त पडलं तर लहान लेकराला त्रास होतो. आणि उन्हातून आलेल्या माणसाचं अंग तापलेलं आहे, घाम थांबला आहे, बोलणं भरकटतंय, असं दिसलं तर पन्हं पाजत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि दवाखाना गाठा.

शिंगणापूरची यात्रा सुखरूप पार पडली, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या घरचे द्वादशीला मुंगी घाट बघून आले. दरवर्षी बघितलं तरी पोटात गोळा येतो. सासवडची भुतोजी तेल्यांची कावड घाट चढते, माणसांची साखळी करून, एकमेकांच्या हाताला धरून तो उभा कडा पार करतात, आणि ते सगळं कशासाठी, तर महादेवाच्या पिंडीवर पाणी घालायला. आपल्या दुष्काळी माणदेशात देवालासुद्धा पाणी बाहेरून वाहून आणावं लागतं, असं माझी सासू म्हणते. मालोजीराजांनी तिथं तळं बांधलं ते उगाच नाही.

आता मुख्य विषय. म्हणजे वाळवण.

आमच्या गल्लीत सध्या कुणाच्या गच्चीवर जागा शिल्लक नाही. बाजरीच्या खारवड्या झाल्या, साळपापड्या झाल्या, सांडगे झाले. कुरडया राहिल्यात. पुण्या-मुंबईच्या नणंदा-जावा आल्या आहेत, त्यांना सगळं तयार डब्यात भरून न्यायचं असतं, पण पहाटे उठायचं म्हटलं की अंग दुखतं. असो. त्या ऐकत असतील तर रागावू नका, डबे मी भरूनच देणार आहे.

कुरडई ज्यांनी केली नाही त्यांना वाटतं, पीठ भिजवलं, सोऱ्यातून पाडलं, झालं. तसं नाही. गहू तीन दिवस भिजत ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. नाही बदललं तर घरभर वास सुटतो. चौथ्या दिवशी गहू वाटायचा, चोळून चोळून चीक काढायचा, फडक्यातून गाळायचा. चोथा टाकून देऊ नका, त्याच्या भुसवड्या होतात. चीक रात्रभर झाकून ठेवला की वर निवळ पाणी येतं. ते हलक्या हातानं ओतून द्यायचं. खाली बसलेला घट्ट चीक मोजायचा आणि तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं, मीठ घालून. मग एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं थांबायचं नाही, ढवळत राहायचं. एक गुठळी झाली की कुरडई तुटलीच म्हणून समजा. चीक शिजून काचेसारखा दिसायला लागला की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. निवला की संपलं. म्हणून हे काम पहाटेचं, आणि म्हणून ते एकटीचं नाही.

आमच्या गल्लीत हे ढवळायचं काम आक्कांचं. नाव सांगत नाही. आक्कांना मी विचारलं होतं, रेडिओवर तुमच्याबद्दल बोलू का? म्हणाल्या, "बोल की. नाव घेऊ नको. नाही घेतलंस तरी सगळ्यांना कळणारच आहे, पण घेऊ नको."

आक्कांचा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत आमच्या गल्लीत एकही कुरडई अशी नाही, जिच्या चिकाला आक्कांचा हात लागलेला नाही. दोन-दोन पायलीचा चीक त्या ढवळतात. गल्लीत लग्न निघालं की मुहूर्ताचे सांडगे घालतात, तुम्हाला ठाऊक आहे. पाच सवाष्णी बसतात, हळदीकुंकू होतं, प्रत्येकी पाच-पाच सांडगे घालतात, फोटो काढतात आणि उठतात. मग ते भलंमोठं पातेलं सरकवत कुणाच्या पुढं येतं? आक्कांच्या. मुहूर्ताचे पंचवीस सांडगे सवाष्णींचे, उरलेले पाचशे आक्कांचे. जेवताना कुणी विचारत नाही की हा सांडगा कोणता.

हे मला फार आधी दिसायला पाहिजे होतं. दिसलं नाही. म्हणजे रोज डोळ्यापुढं होतं, पण त्यात काही वावगं आहे असं वाटलं नाही. तुम्हाला खरं सांगते, गेल्या वर्षीपर्यंत मी स्वतः काय करत होते. चैत्रगौर बसवायची, झोपाळा सजवायचा, कैरीची डाळ वाटायची. डाळ वाटताना मीठ-मिरचीचं प्रमाण आक्कांना विचारून घ्यायची, कारण माझी दरवेळी आंबट होते. हळदीकुंकवाला गल्लीतल्या पंचवीस बायकांना बोलावणं धाडायची, आणि आक्कांकडं मुलाच्या हातून एक वाटी डाळ, पेलाभर पन्हं पाठवून द्यायची. मला वाटायचं, मी मोठी चांगली बाई. बाकीच्या तर तेवढंही करत नाहीत.

गेल्या वर्षी ती वाटी संध्याकाळी परत आली. रिकामी वाटी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात आक्कांनी तीन कुरडया घातल्या होत्या. न तळलेल्या. पोरगा म्हणाला, "आई, आक्का विचारत होत्या, किती बायका आल्या होत्या, काय काय बोलल्या." मी त्या कुरडया डब्यात ठेवल्या. वर्षभर तळल्या नाहीत. तळाव्याशा वाटल्या नाहीत.

येत्या रविवारी ४ मे. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आता बंद. तेरा दिवसांत, १७ मेला, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडसारखं करावं. वर्तमानपत्रांत खूप आलं. आपल्याकडंही भाषणं झाली. मीही टाळ्या वाजवल्या.

या वर्षी गौर बसवताना मी आक्कांकडं गेले आणि म्हटलं, अक्षय तृतीयेच्या हळदीकुंकवाला या. हेरवाडचं सांगितलं. परिपत्रकाचं सांगितलं. आक्का गव्हातले खडे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठरावाचं मला काय सांगतीस? त्यांच्या माघारी सातबाऱ्यावर माझं नाव लागायला अकरा वर्षं गेली. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत."

यावर मी काय बोलणार? मैत्रिणींनो, वारस नोंदीचा अर्ज घरातलं माणूस गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, तलाठ्याकडं. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दुःखात कोण तारखा मोजतं? पण शेजारणीनं मोजाव्यात. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन अर्ज द्यायचा, आणि पोच घ्यायची. दीर करतो म्हणाला, भाऊ करतो म्हणाला, तरी पोच स्वतःकडं ठेवायची. आक्कांकडं पोच नव्हती.

तर मी विचारलं, कुंकू लावून घ्याल का? आक्का हसल्या. म्हणाल्या, "कुंकवाची सवय मोडली गं. आता लावलं तर खाजंल. ते तुझं तुझ्यापाशी ठेव. पण मला बसायला बोलव. डाळ मी तिथं बसून खाईन. घरी पाठवलेली वाटी मला नको."

मी घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं. आमच्या सासूबाई काही वाईट नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात घरची जनावरं चारा छावणीत होती, तेव्हा सासूबाई आणि आक्का माळावर एकाच ताडपत्रीखाली कित्येक महिने राहिलेल्या आहेत. एकीच्या तव्यावर दुसरीची भाकरी. तेव्हा कोण सवाष्ण आणि कोण नाही, हे जनावरांनी विचारलं नाही आणि यांनीही नाही. मी तेच म्हटलं. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तो दुष्काळ होता." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बोलव. पण बाकीच्या आल्या नाहीत तर मला बोलू नको."

तसं होईलही. गल्लीतल्या दोघीतिघींनी मला आडून विचारून घेतलंय की आक्का नक्की येणार आहेत का. एकीच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे, तिला धास्ती वाटते. तिचा मला राग नाही. लेकीच्या लग्नाआधी आईच्या मनात काय काय येतं, ते मला ठाऊक आहे. फक्त तिला एवढंच विचारायचंय, की त्या लग्नाच्या रुखवतातल्या कुरडया रविवारी कोण पाडणार आहे?

तर उद्याचं बोलावणं मी इथूनच करते. दारोदार जाणार नाही, म्हणजे कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही याची चर्चा नको. अक्षय तृतीयेचं हळदीकुंकू, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, आमच्या घरी. गल्लीतल्यांना घर माहीत आहे. ज्यांना कुंकू लावून घ्यायचं त्यांना लावीन, ज्यांना नको त्यांना गुलाबपाणी आणि हरभऱ्यांची मूठ. ओटी सगळ्यांची. सतरंजी एकच टाकणार आहे. कैरीची डाळ आहे, पन्हं आहे, कलिंगड आहे. डाळीचं मीठ आक्का येऊन बघणार आहेत, त्यामुळं या वर्षी आंबट होणार नाही.

आणि कुरडयांचं विसरू नका. गहू आज रात्री भिजायला पडतील. वाटण शनिवारी, घाणा रविवारी पहाटे साडेचारला, आमच्याच गच्चीवर. सोऱ्या ज्यांच्याकडं पितळी आहे त्यांनी आणा, प्लॅस्टिकचा मागच्या खेपेला फुटला. जुनं धोतर किंवा स्वच्छ साडी अंथरायला आणा. लेकरांना उठवून आणलंत तर गरम चीक दूध-साखर घालून खायला मिळेल. उशीर करू नका, चीक निवला की आक्का कुणाचं ऐकत नाहीत.