गिरणीवाल्याचं आडनाव

आडनाव माणसाला न मागता मिळतं. पण त्याचा मान-अपमान त्याला जन्मभर वागवावा लागतो. आज अशाच एका परदेशी आडनावाविषयी बोलायचं आहे. ते म्हणजे म्युलर.

म्युलर म्हणजे धान्य दळणारा, गिरणीवाला. जर्मनीत आज सर्वांत जास्त लोकांचं आडनाव हेच आहे. स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक त्याचाच. ऑस्ट्रियात मात्र ग्रूबर पुढे आहेत.

बाराव्या शतकापासून जर्मन शहरांतून आडनावं रुजू लागली. एका वस्तीत चार योहान असले, तर ओळखायचं कसं? मग कामावरून हाक मारली जाई. लोहार तो श्मिट, शिंपी तो श्नायडर, गिरणीवाला तो म्युलर. भाकरी सगळ्यांनाच लागते. त्यामुळे पाणचक्की गावोगाव होती आणि गावोगाव म्युलरही झाले. उत्तरेच्या बोलीत त्याचा म्योलर झाला, दक्षिणेत कुठे कुठे मिलर. शिकलेल्यांनी त्यावर लॅटिनचा अंगरखा चढवून मोलिटोर केलं. अर्थात श्मिट, श्मिड, श्मिट्स अशी सगळी रूपं एकत्र मोजली, तर लोहार गिरणीवाल्याच्या पुढे जातो!

पण या गिरणीवाल्याला एकेकाळी मान नव्हता. जमीनदाराने नेमून दिलेल्या गिरणीतच दळण न्यायचं, अशी शेतकऱ्यांवर अनेक ठिकाणी सक्ती असे. दळणाची मजुरी म्हणून गिरणीवाला धान्यातलाच वाटा काढून घेई. साहजिकच, हा मापात पाप करतो, असा संशय त्याच्या पाचवीला पुजलेला. एखादा प्रामाणिक असला तरी कित्येक कारागीर-संघ त्याच्या मुलाला दारात उभं करत नसत. गिरणीवाले, विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्या मुलांना नाकारू नका, असं १५४८ साली साम्राज्याला कायद्याने बजावावं लागलं. १५७७ साली ते पुन्हा सांगावं लागलं. कायदा झाला म्हणून मनातली अढी लगेच जात नाही, हेच खरं.

पुढे धंदा सुटला, नाव तेवढं राहिलं. देसाऊ गावच्या एका शिंप्याच्या मुलाचं नाव होतं विल्हेल्म म्युलर. तो कवी झाला. गिरणीत काम करणाऱ्या एका तरुणाच्या प्रेमाची गाणी त्याने लिहिली आणि १८२३ साली शूबर्टने त्यांना चाली लावल्या. त्याच वर्षी विल्हेल्मला मुलगा झाला. म्युलर इतके झाले होते की, गर्दीत आपण हरवू नये म्हणून या मुलाने पुढे ‘मॅक्स’ हे आपलं नावच आडनावाला जोडून घेतलं. ऋग्वेदाचे संपादक मॅक्सम्युलर ते हेच. भारतात ते कधीच आले नाहीत. त्यांचं नाव मात्र आलं.

ज्या नावाच्या मुलांना संघांची दारं बंद होती, त्याच नावाची पाटी आज पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनाच्या दारावर आहे, आणि त्या दारातून आपली मुलं जर्मन शिकायला आत जातात.