जुन्या बिनतारी पुनःप्रक्षेपकाचा नवा उपयोग

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग निसर्गानेच पाडले आहेत. चिखली, मेहकर, लोणार हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. बिनतारी संदेशवहनात हा भेद महत्त्वाचा ठरतो. अतिउच्च कंप्रतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की हातातील संच मुका होतो. घाटमाथ्यावर पुनःप्रक्षेपक, म्हणजेच रिपीटर, बसविल्यास तो एका कंप्रतेवर ऐकलेले बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर दूरवर पोचवितो.

व्यापारी संस्थांनी नवी यंत्रणा घेतली की त्यांचे जुने रिपीटर अडगळीत पडतात. हौशी नभोवाणीसाठी, म्हणजे हॅम रेडिओसाठी, ते उपयोगी पडू शकतात. तथापि नुसती कंप्रता बदलून भागत नाही. असे अनेक संच १४८ ते १७४ मेगाहर्ट्झसाठी बनविलेले असतात. भारतात हौशी केंद्रांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. त्यामुळे जुन्या संचातील स्फटिक बदलून ग्राहक व प्रक्षेपक दोन्ही नव्याने जुळवावे लागतात.

खरी कसोटी ड्युप्लेक्सरची. एकाच अँटेनावर ऐकणे व बोलणे एकाच वेळी चालावे म्हणून हे गाळणीयंत्र असते. व्यापारी वापरात दोन कंप्रतांमध्ये बहुधा काही मेगाहर्ट्झचे अंतर असते. या हौशी पट्ट्यात ते प्रायः ०.६ मेगाहर्ट्झच असते. गाळणी तेवढी काटेकोर नसेल तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. शिवाय प्रक्षेपक दीर्घकाळ तापत असल्याने त्याची शक्ती कमी ठेवणे व वीज गेल्यास बॅटरीची सोय असणे अगत्याचे आहे.

सप्टेंबर १९९३ मधील किल्लारीचा भूकंप व जानेवारी २००१ मधील कच्छचा भूकंप या आपत्तींत हौशी केंद्रचालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा प्रसंगी वीज व दूरध्वनी बंद पडल्यास गावाची हाक तहसिलीपर्यंत पोचविण्यास हा मार्ग उपयोगी ठरेल.

यासाठी केंद्रचालकांनी परीक्षा देऊन परवाना मिळविणे आवश्यक आहे आणि रिपीटरलाही केंद्र शासनाची अनुमती लागते. या पट्ट्यावर व्यापारी संदेश पाठविता येत नाहीत. विज्ञान-शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या छंदाची गोडी लावावी, पंचायतींनी होतकरू तरुणांना परीक्षेस बसण्यास उत्तेजन द्यावे आणि अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी त्यांच्यासह संदेशवहनाची तालीम घ्यावी. घाटमाथ्यावर यंत्र उभे राहिले तरी घाटाखाली ते वापरणारी प्रशिक्षित माणसे नसतील, तर सारा खटाटोप व्यर्थ जाईल.