भिंतीवरची पाटी



मला ‘नेतृत्व आणि कामाच्या ठिकाणचं वातावरण’ असा भारदस्त विषय दिलाय. माझी सगळी नोकरी कारखान्यात गेली, तेव्हा तिथलंच सांगतो.

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा प्रमुख झालो, तेव्हा भिंतीवर पाटी होती : ‘शंका आली तर मशीन थांबवा.’ कल्पना टोयोटाची. त्यांच्याकडे लाइनच्या कडेने दोरी असते. कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो ती ओढतो, दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो. ठरल्या वेळात अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते.

पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एका ऑपरेटरने प्रेस थांबवली. डायमधून बारीक आवाज येतोय म्हणाला. फिटरला काही सापडलं नाही. वीस मिनिटं गेली, डिस्पॅचची गाडी दारात उभी. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “आधी कान तपासून घे.” लोक हसले. मीही हसलो.

त्यानंतर कुणी प्रेस थांबवली नाही. मला वाटलं, शॉप सुधारलं! दोन महिन्यांनी त्याच डायला तडा गेला आणि तुकडा उडून हेल्परच्या दंडात घुसला. चौदा टाके पडले. सुपरवायझरला विचारलं, आवाज येत होता का? म्हणाला, “आठवडाभर येत होता साहेब. पण कान कोण तपासून घेणार?”

पाटी जागेवरच होती. लोक पाटीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी त्या ऑपरेटरची सर्वांसमोर माफी मागितली. खरं सांगतो, त्याने काही फरक पडला नाही. पुढच्या वेळी साहेब काय करतो, याची सगळे वाट बघत होते. तीन आठवड्यांनी एकाने प्रेस थांबवली. कारण फालतू निघालं, गाडी तासभर उशिरा गेली, वरून मला फोन आला. फोनवर जे ऐकलं ते मी माझ्यापाशीच ठेवलं. मग हळूहळू लोक बोलू लागले.

त्या दिवसांत आपले गणिताचे सर फार आठवायचे. फळ्यावर चूक झाली आणि मागच्या बाकावरून कुणी ओरडलं, की सर खडू पुढे करायचे, “ये, तू सोडव.” नववी ब तर सरांच्या चुका काढायलाच घरून गणितं करून यायची. सर मुद्दाम चुकायचे का, यावर काल रात्री जेवताना पुन्हा वाद झाला. सर समोरच बसलेत. त्यांनीच आता सांगावं.