टेरेन्सची साक्ष

आजच्या गोष्टीचा एक धागा रेडिओशी जुळलेला आहे. 30 मे 1947 रोजी बीबीसीवरून रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीबाईंची 'थ्री ब्लाइंड माइस' ही श्रुतिका प्रसारित झाली. तेव्हाच्या इंग्लंडच्या राजाच्या आईचा, क्वीन मेरींचा, ऐंशीवा वाढदिवस नुकताच झाला होता आणि ख्रिस्तीबाईंचं काहीतरी ऐकायला मिळावं अशी त्यांची फर्माईश होती. याच श्रुतिकेचं पुढे 'द माउसट्रॅप' हे नाटक झालं. करोनातला खंड सोडला तर 1952 पासून ते लंडनमध्ये चालू आहे. रहस्य मी फोडणार नाही. पण ख्रिस्तीबाईंना ते सुचलं एका खऱ्या खटल्यावरून.

डेनिस ओनील आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स ही वेल्समधल्या न्यूपोर्टची मुलं. आईबापांकडे हेळसांड होत होती, म्हणून पालिकेनं त्यांना ताब्यात घेतलं आणि 1944 च्या उन्हाळ्यात श्रॉपशरमधल्या एका शेतावर गॉफ नावाच्या जोडप्याकडे सांभाळायला दिलं. सांभाळण्याचे पैसे गॉफना मिळत होते. 9 जानेवारी 1945 रोजी डेनिस मेला. बारा वर्षांचा पोरगा. अंगावर माराचे वळ, पायांना चिघळलेल्या जखमा, पोटात अन्न नाही.

मार्चमध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयात खटला उभा राहिला. त्या घरात काय चालायचं हे आतून पाहिलेला आणि सांगू शकणारा एकच साक्षीदार उरला होता. तो म्हणजे दहा वर्षांचा टेरेन्स. समोर आरोपी म्हणून तेच दोघं, ज्यांच्या आवाजानं तो कालपरवापर्यंत थरथरत असे. आणि तो बोलला. दिवसभराच्या चुकांबद्दल रोज रात्री हातांवर फटके बसायचे, कधी कधी शंभरापर्यंत. खायला काय मिळायचं, तर पाव आणि चहा. भुकेपोटी डेनिसनं शेतातला कंद चावला, म्हणून त्याला बाकाला बांधून मारलं. बचावाच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली, तरी पोरगं डगमगलं नाही. रेजिनाल्ड गॉफला सहा वर्षं आणि त्याच्या बायकोला सहा महिने शिक्षा झाली. शिक्षा थोडी झाली असं तेव्हाही पुष्कळांना वाटलं, मलाही वाटतं.

आता प्रश्न असा की हे सगळं टेरेन्सनं आधी का नाही सांगितलं? मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. ज्याच्या घरी रात्री झोपायचं आहे, त्याच्याविरुद्ध दिवसा कोण बोलेल? न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्याला त्या शेतावर परत जायचं नव्हतं. धैर्य त्याचं होतंच, पण त्याच्या पायाखाली जमीन आली होती. आणि मोठ्यांना काहीच दिसलं नव्हतं असंही नाही. 20 डिसेंबरला पालिकेची एक कर्मचारी शेतावर जाऊन आली होती. डेनिसची अवस्था पाहून मुलांना तिथून हलवावं असं तिनं लिहूनही दिलं. मध्ये नाताळच्या सुट्ट्या आल्या. कागद टेबलावर राहिला.

सरकारनं चौकशीला सर वॉल्टर मॉन्क्टन यांना नेमलं. मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींना हे नाव ऐकल्यासारखं वाटेल. हैदराबादच्या निजामाचे कायदेशीर सल्लागार ते हेच. त्यांच्या अहवालानं खळबळ उडाली आणि 1948 मध्ये ब्रिटनमध्ये मुलांसाठी नवा कायदा आला. टेरेन्सनं स्वतःची हकिगत पुस्तकात लिहिली ती 2010 मध्ये. खटल्यापासून तोवर पासष्ट वर्षं गेली होती.

आपल्याकडेही 2015 च्या बाल न्याय अधिनियमानं परक्या कुटुंबात मूल सांभाळायला देण्याची सोय केली आहे. आपल्याविषयीच्या निर्णयांत आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क मुलाला आहे, आणि अशा कुटुंबाची दरमहा पाहणी करणं हे बाल कल्याण समितीचं काम आहे. कागदावर उत्तम आहे. पण पाहणी म्हणजे ओसरीवर बसून, चहा घेत, सगळ्यांसमोर "काय रे, बरं चाललंय ना?" असं विचारणं असेल, तर मूल मान हलवणार. दुसरं काय करील? त्याच्याशी घरापासून दूर बोलायला हवं, अंगणाबाहेर, शाळेत, चालता चालता. पहिल्या भेटीत ते गप्प राहील, कदाचित दुसऱ्याही.

बालकांच्या मदतीसाठी 1098 हा फोन क्रमांक दिवसरात्र चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. फोन मुलानंच करायला हवा असंही नाही. शेजारीण, वर्गशिक्षक, रिक्षावाले काका, कुणीही केला तरी चालतो.