दुकान उठल्यावर



वऱ्हाडाची मुंबईशी ओळख कापसाने करून दिली. आपल्या गाठी आगगाडीने मुंबईस जात आणि तेथून विलायतेस. त्याच मुंबईतल्या, भिंतीस भिंत असलेल्या दोन शेजारणींची कथा आज सांगावयाची आहे.

काळ्या घोड्याजवळ, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या शेजारी ‘आर्मी अँड नेव्ही’ ही इमारत आहे. १८७१ साली लंडनमध्ये इंग्रज लष्करी व आरमारी अधिकाऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली. घाऊक माल घ्यावा, मधल्याचा नफा वाचवावा, हा हेतू. १८९१ साली तिचे दुकान मुंबईस आले. सहकार म्हटला की आपणांस शेतकरी आठवतो. येथे तो साहेबाच्या संसारासाठी राबला! पुढे साहेब गेला, दुकानही उठले. वास्तू मात्र टाटांकडे आली. दुकानासाठी बांधलेली ऐसपैस दालने कचेऱ्यांच्या मेजांना सोयीची ठरली. तळमजल्यावर कालांतराने पुन्हा कापडचोपडाचे दुकानही उघडले.

हिची शेजारीण म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, आताचे एस्प्लनेड मॅन्शन. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईने प्रथम तेथेच पाहिली. हॉटेल बंद पडले, खोल्याखोल्यांतून लहान कचेऱ्या थाटल्या गेल्या. भाडेकरू अनेक, दुरुस्तीला कोणी नाही. २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि अखेर ती रिकामी करावी लागली.

म्हणजे कचेऱ्या दोन्हींत आल्या. एक उभी राहिली, दुसरी खचली. वापर बदलल्याने वास्तू मरत नाही, आणि तेवढ्यानेच ती जगतही नाही. गळके छत कोणी शाकारावयाचे, या प्रश्नाच्या उत्तरावर तिचे आयुष्य ठरते.

हा प्रश्न अमरावतीच्या जवाहर गेटाशी आणि अकोल्याच्या ताजनापेठेतही आहे. मालक म्हणतो, भाडे पुरत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. दोघेही खरे बोलतात, आणि पावसाळा दोघांचेही ऐकत नाही! म्हणून माझे सांगणे एवढेच: जुन्या पेढीची कचेरी करा, अवश्य करा. परंतु पाटी बदलण्याआधी दुरुस्तीचा वाटा कागदावर ठरवा, आणि दरमहाच्या भाड्यातून तो बाजूला काढा. आडभिंत घालण्यापूर्वी आणि माडीवर दप्तरांची कपाटे चढविण्यापूर्वी तुळया जाणत्या माणसाला दाखवा.

दुकानदार जातील, कारकून येतील, तेही जातील. वास्तूचा धनी कोण, हे मात्र आजच ठरले पाहिजे.